मदत हवी आहे: बोक्याची लघवी पुन्हा अडली तर रात्री कुठे न्यायचं? (कोपरखैरणे)

आमचा बोका, वय 4, नसबंदी झालेली, खाणं बहुतेक कोरडंच. रविवारी सकाळपासून सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कण्हत होता, वाळू मात्र कोरडी. आम्हाला वाटलं बद्धकोष्ठ. तिथेच चुकलो. संध्याकाळी उलटी झाली तेव्हा पळालो. मूत्रमार्ग पूर्ण बंद, मूत्राशय मोसंबीएवढं टणक. भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं. क्रिएटिनिन (रक्तातलं, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं) 6 वरून 2.1 वर आलंय. सोनोग्राफीत खडा नाही, वाळूसारखा गाळ आहे.

काल नळी काढली. लघवी होतेय, पण थोडी थोडी. ओलं खाणं सुरू केलंय. पहिल्या काही दिवसांत पुन्हा अडू शकतं म्हणतात आणि आमच्या डॉक्टरांचा दवाखाना रात्री 9 ला बंद होतो. परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहे, पण आमच्याकडे गाडी नाही.

वाशी ते ऐरोली किंवा ठाण्यात मध्यरात्री मांजराला नळी घालून देणारं, तुम्ही स्वतः गेलेलं ठिकाण आहे का? नुसती '24 तास'ची पाटी नको, ती आमच्या गल्लीतही आहे. आणि मूत्रमार्ग रुंद करायचं ऑपरेशन कोणी केलंय का? खर्च किती आला, नंतर बोका कसा आहे?