'सटीक' म्हणजे टीकेसह की अचूक?

गढीवरचा
मंडळी, एका शब्दापाशी गाडी अडली आहे.

१९८६ चा कॅसलव्हेनिया हा टीव्हीगेम मी सध्या मराठीत बोलत बोलत खेळतोय आणि रेकॉर्ड करतोय. ड्रॅक्युलाचा किल्ला, चाबूक घेतलेला सायमन बेलमाँट, एकूण १८ स्टेज. ज्यांनी नव्वदच्या दशकात टीव्हीगेमच्या कॅसेटला फुंकर मारली आहे त्यांना जास्त सांगायला नको. रेकॉर्डिंग रात्री अकरानंतरच होतं. त्याआधी वरच्या मजल्यावर मिक्सर, खाली गाड्यांचे हॉर्न. पंखा बंद करायचा, खिडकीला आजीची गोधडी लावायची आणि घाम पुसत बोलायचं.

मालिकेला नाव दिलं 'सटीक कॅसलव्हेनिया'. आजोबांच्या फडताळात पोथ्या होत्या, त्यांच्या पहिल्या पानावर 'सटीक' छापलेलं असे. वर मोठ्या टायपात मूळ श्लोक, खाली बारीक टायपात टीका. मला तेच म्हणायचं होतं: वर खेळ, खाली माझं बोलणं. पण पहिल्या भागाखाली तिघांनी लिहिलं, "सटीक म्हणता आणि तिसऱ्या स्टेजच्या वटवाघळाकडून दोनदा मरता?" भाची म्हणाली, "मामा, सटीक म्हणजे एकदम परफेक्ट ना?" आता मलाच शंका येतेय. नाव बदलू का? बदललं तर काय ठेवू?

सिन्नरकर
नाव अजिबात बदलू नका. स + टीका, टीकेसह असलेलं ते सटीक. सार्थ म्हणजे अर्थासह, सचित्र म्हणजे चित्रांसह, त्याच घडणीचा शब्द. 'सटीक उत्तर', 'सटीक निशाणा' हा हिंदीतला वापर. आपल्याकडे त्यासाठी अचूक आहे, नेमकं आहे, बिनचूक आहे, तंतोतंत आहे. चार शब्द घरात असताना पाचवा उसना आणायचा आणि त्याच्यापायी आपल्याच शब्दाचा मूळ अर्थ घालवायचा, हे मला सहन होत नाही. एकतीस वर्षं मराठी शिकवलं आहे, म्हणून तळमळीने लिहितो.

ओझरची
सर, तुमचं व्याकरण बरोबर आहे, पण शब्द व्याकरणात राहत नाही, लोकांच्या तोंडात राहतो. मी जाहिरातींचे अनुवाद करते. गेल्या वर्षी एका कामात 'सटीक माहिती' खोडून 'अचूक माहिती' केलं. तिकडून परत 'सटीक' होऊन आलं, वर शेरा: अचूक जुनाट वाटतो. त्या दिवशी मी खूप चिडले होते. पण चिडून वापर बदलत नाही.

आणि दुसरं. 'टीका' तरी कुठे जागेवर राहिली? ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, हे आपण शाळेत शिकतो. पण आज 'त्याने माझ्यावर टीका केली' म्हटलं की नावं ठेवली असाच अर्थ होतो. गढीवरचा दादांचं नाव ऐकून एखाद्याला वाटेल की गेमला शिव्या घालणारा कार्यक्रम आहे.

गंगेवरचा
'धावतं समालोचन' का नको? रेडिओवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंटरी ऐकत आमच्या घरी दुपारची जेवणं व्हायची. मैदान डोळ्यांपुढे उभं राहायचं. शब्द तयार आहे, रुळलेला आहे, सगळ्यांना कळतो.

गढीवरचा
त्याचा विचार केला होता. पण समालोचक खेळत नाही ना! तो बाहेर बसून दुसऱ्याचा खेळ सांगतो. इथे उडी मीच मारतो आणि उडी का मारली तेही मीच सांगतो. कॅसलव्हेनियात तर हा फरक फार मोठा आहे. एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, बटण दाबल्यावर चाबूक लागायला किंचित वेळ लागतो, त्यामुळे प्रत्येक पाऊल आधी ठरवावं लागतं. ते ठरवणं बोलून दाखवायचं, एवढाच माझा सगळा खटाटोप.

त्र्यंबकची लेक
मग ते निरूपण झालं. कीर्तनकार अभंग स्वतःच म्हणतो आणि स्वतःच उलगडतो. माझे वडील कीर्तन करायचे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेत मी त्यांच्या मागे टाळ घेऊन उभी राहिलेली आहे. एका चरणावर पाऊण तास बोलायचे, पण चरण सोडून कुठे गेले नाहीत. मल्लिनाथाने कालिदासाच्या काव्यांवरच्या टीकेत हेच बजावलं आहे: मुळात नाही ते लिहिणार नाही आणि गरज नाही ते बोलणार नाही. दादा, ही कसोटी लावून तुमचे भाग ऐका. दुसऱ्या भागात मेड्युसा समोर आलेली असताना तुम्ही मिसळीवर बोलत होतात.

गढीवरचा
ताई, खरं आहे. आज बसून तेवढा तुकडा काढला. तुमच्या वडिलांना नमस्कार.

भाषाशुद्धी
सटीकवर वाद घालताय आणि गेमच्या पहिल्याच वर्णनात 'किल्ला' अरबी, 'चाबूक' फारसी! सायमनच्या हातात आसूड द्या. भगूर नाशिकपासून हाकेच्या अंतरावर आहे. दिनांक, महापौर, दिग्दर्शक हे शब्द ज्या सावरकरांनी दिले त्यांच्या गावाजवळ राहून चाबूक म्हणायचं?

निफाडचा शेतकरी
साहेब, आसूड फारसी नाही म्हणून वापरायचा नसतो. आसूड वेगळा, चाबूक वेगळा. आसुडाला लाकडी दांडा असतो, त्याच्या टोकाला चामड्याची वादी. बैलाला तो क्वचितच लागतो, नुसता हवेत वाजवला तरी पुरतं. चाबूक टांगेवाल्याकडे. कडकलक्ष्मीवाला स्वतःच्या अंगावर ओढतो तो कोरडा. सर्कशीत असतो तो हंटर. माझ्या आज्याच्या ओसरीवर खुंटीला दोन आसूड टांगलेले असायचे, एक रोजचा आणि एक पोळ्याचा. पोळ्याच्या आसुडाला लाल गोंडा. त्याला कुणी चाबूक म्हटलं असतं तर आजा रागावला असता. जोतीरावांनी १८८३ मध्ये पुस्तकाला 'शेतकऱ्याचा असूड' नाव दिलं ते उगाच नाही. शेतकऱ्याच्या हातची वस्तू आहे ती.

त्या गेममधल्या माणसाच्या हातात नेमकं काय आहे ते आधी सांगा, मग शब्द ठरवू.

गढीवरचा
सुरुवातीला चामड्याचा. मेणबत्त्या फोडताना खूण मिळाली की त्याची साखळी होते, दुसऱ्यांदा मिळाली की साखळी लांब होते. मेलात की परत चामड्याचा. दांडा चित्रात फारसा दिसत नाही.

निफाडचा शेतकरी
मग पहिला चाबूक म्हणा आणि पुढच्याला साखळी. आसूड नाही.

भाषाशुद्धी
दांडा दिसत नाही म्हणून शब्द नाकारणं पटत नाही. विधिमंडळात पक्षाच्या मुख्य प्रतोदाच्या हातात कुठे काय असतं? प्रतोद म्हणजे जनावर हाकायचं साधन. तरी शब्द चालला.

ओझरची
चालला, कारण तो रोज बातमीत येतो. दिनांकही चालला, कारण प्रत्येक अर्जावर त्याला जागा होती. पण बोलताना? "आज तारीख काय?" असंच विचारतो आपण. तारीख कुठेच गेली नाही.

बदाम सात
तुम्ही सगळे मोठी माणसं आहात, पण एक सांगू? आम्ही जेलरोडला खेळायचो तेव्हा मेणबत्ती फोडल्यावर जे पडतं त्याला 'बदाम' म्हणायचो. पत्त्यातला बदाम. गढीवरचा 'हृदयं गोळा केली' म्हणतात तेव्हा मला कसंतरी होतं, ऑपरेशन चालू असल्यासारखं. शिवाय त्याने जीव वाढतही नाही. ते आपल्या दुसऱ्या हत्यारासाठी खर्च होतात. जीव वाढतो भिंतीत लपवलेल्या मांसाने. 'बदाम' म्हटलं की हा घोळच होत नाही. तीन 'जान' होत्या, 'बदाम' होते, 'बॉस' होता. हे शब्द कुणी बसवले नव्हते, आमचे आम्हीच बोलायला लागलो.

सिन्नरकर
'बदाम' उत्तम. मला हा वापर माहीत नव्हता, वहीत लिहून घेतला. मात्र बदामही फारसीच, हे भाषाशुद्धी यांच्यासाठी नोंदवतो.

नाशिकरोड
आणि गेममध्ये बाटलीतून फेकतात त्या होली वॉटरला तुम्ही 'तीर्थ' म्हणालात, त्याबद्दल. आम्ही कॅथलिक. घरी 'पवित्र पाणी' म्हणतो. बाळ येशूच्या यात्रेला आलेले हिंदू शेजारी मात्र त्याला सहज तीर्थच म्हणतात, आणि माझ्या आईने त्यांना कधी टोकलं नाही. पण ड्रॅक्युलाची गोष्ट क्रुसाची आणि पाद्र्याची आहे. तिथे तीर्थ म्हटलं की मला एकदम रामकुंड दिसतं.

गंगेवरचा
दिसू दे की! आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो ना? नाशिकचा माणूस 'गंगेवर जाऊन येतो' म्हणाला तर काशीला गेला असं कुणाला वाटत नाही. ऐकणारा नाशिकचा आहे, त्याला नाशिकचं पाणी दिसणारच.

नाशिकरोड
गंगा तुमची तुम्ही म्हणता, ते ठीक. दुसऱ्याच्या पाण्याला नाव देताना थोडं विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

त्र्यंबकची लेक
यांचं म्हणणं मला पटतं. निरूपण करणाऱ्याने मूळ ज्यांचं आहे त्यांचा शब्द आधी सांगावा, मग आपला.

गढीवरचा
काल रात्री पंधरावी स्टेज रेकॉर्ड केली. मृत्यू हाच बॉस, चहूबाजूंनी फिरते विळे सोडतो. त्याच्या आधी तो लांब बोळ आहे, समोरून कुऱ्हाडी फेकणारे चिलखतवाले आणि वरखाली तरंगत येणारी मेड्युसाची मुंडकी. तिथे शब्द निवडायला वेळ नसतो, म्हणून नंतर ऐकताना मुद्दाम लिहून काढलं की तोंडातून काय आलं. 'चाबूक' नऊ वेळा, 'आसूड' एकदाही नाही. 'बदाम' आपोआप आला. मृत्यूच्या पायाशी एकामागून एक बाटल्या फोडून त्याला जागच्या जागी खिळवता येतं, ती जुनी युक्ती. तिथे सुरुवातीला ठरवून 'पवित्र पाणी' म्हणालो आणि दोन बाटल्यांनंतर 'तीर्थ' सुरू झालं. नाशिकरोड, तो तुकडा कापला नाही, पण सुरुवातीला तुमचा शब्द सांगितला आहे.

नाव अजून 'सटीक'च आहे. वर्णनात पहिली ओळ घातली: सटीक म्हणजे टीकेसह.

सिन्नरकर
शाबास.

ओझरची
ती ओळ लिहावी लागली, यातच माझं उत्तर आहे.

सिन्नरकर
बाई, पोथीवर अर्थ छापावा लागत नव्हता, ही तक्रार शब्दाची नाही, आपली आहे.

भाषाशुद्धी
त्या चिलखतवाल्यांच्या हातात कुऱ्हाड म्हणालात. युद्धात फेकतात तिला परशू म्हणायला काय हरकत होती?

निफाडचा शेतकरी
परशू किती किलोचा असतो ते सांगा आधी.