मदत हवी आहे: लायब्ररीचं व्हर्जन १.०.० करायचंय

घोडबंदरकर: रविवारी वाशीच्या मीटअपला माझी कोडची लायब्ररी दाखवायची आहे, त्याआधी रिलीज काढायचंय. आतापर्यंत तारखेचे नंबर होते, आता सेमव्हर (सिमँटिक व्हर्जनिंग, तीन आकड्यांची पद्धत) हवंय. सरळ १.०.० टाकू ना? लवकर सांगा.

सानपाडा_टर्मिनल: भाषा कोणती? पब्लिश कुठे करता? शेवटचा नंबर काय होता?

तलावपाळी: सेमव्हरच घ्या. एपीआय मोडला, म्हणजे लायब्ररी वापरणाऱ्यांचा जुना कोड चालेनासा झाला, की पहिला आकडा वाढवा, नवी सोय आली की दुसरा, नुसती दुरुस्ती असली की तिसरा. तारखेवरून काय मोडलं ते कळत नाही. उबुंटू २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४, एवढंच.

ऐरोली_रूट: लायसन्सची फाइल टाकलीत का?

घोडबंदरकर: लायसन्स एमआयटी आहे, तो प्रश्नच नाही. भाषा पायथन, पब्लिश पायपीआयवर (पायथनच्या पॅकेजेसची साइट). शेवटचं २०२४.११. एका फंक्शनचं नाव बदललंय म्हणून मेजर, म्हणजे पहिला आकडा.

सानपाडा_टर्मिनल: मग १.०.० अजिबात टाकू नका. पिप (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) डावीकडून आकडे ताडतं, २०२४ हे १ पेक्षा मोठं. तुम्ही १.०.० चढवलंत तरी पिप इन्स्टॉल २०२४.११ च देणार. जुनी रिलीजं यँक केलीत (मागे घेतल्याची खूण केलीत) तर नव्या लोकांना १.०.० मिळेल, पण ज्यांनी रिक्वायरमेंट्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) >=२०२४.१ (२०२४.१ किंवा त्यापुढचं) लिहिलंय त्यांना ते चालणारच नाही.

तलावपाळी: इपॉक आहे की! तो सगळ्यात आधी ताडला जाणारा आकडा. १!१.०.० लिहा. पेप ४४० मध्ये (पायथनचे व्हर्जन नंबरचे नियम) ती सोय याचसाठी आहे.

सानपाडा_टर्मिनल: आहे, पण एकदा लावला की कायमचा. पुढे प्रत्येक रिलीजला १! लावत बसा, आणि कुणी ==१.०.० लिहिलं तर पिपला ते सापडतच नाही. त्यापेक्षा २०२५.१.० करा. मधला आकडा म्हणजे वर्षातलं कितवं रिलीज, शेवटचा दुरुस्तीचा. महिनाच हवा असेल तर ०१ नको: सेमव्हरला आकड्याआधीचं शून्य चालत नाही आणि पायपीआय २०२५.०१ चं २०२५.१ करतं.

कोपरखैरणे_लोकल: रविवारी ट्रान्स हार्बरला ब्लॉक आहे का ते बघून ठाण्याहून निघा.

तलावपाळी: पहिला आकडा वर्षाचा, तर एपीआय मोडलाय हे लोकांना कळणार कसं मग?

सानपाडा_टर्मिनल: जुनं नाव दोन रिलीज तसंच ठेवा, आतून नवं फंक्शन कॉल करा आणि वॉर्निंग द्या. डेप्रिकेशनवॉर्निंग (हे पुढे काढणार, अशी सूचना) मेन स्क्रिप्टबाहेर डीफॉल्टने दिसत नाही, म्हणून फ्यूचरवॉर्निंग द्या, ती दिसते. चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) पहिल्याच ओळीत लिहा.

घोडबंदरकर: ठीक, २०२५.१.०. आधी आरसी (फायनलआधीचं चाचणीचं रिलीज) काढू का?

सानपाडा_टर्मिनल: काढा, २०२५.१.०आरसी१. --प्री दिल्याशिवाय पिप ते उचलत नाही. फायनलमध्ये काही राहिलं तर थेट २०२५.१.१ करा, कारण पायपीआयवर तेच फाइलनाव डिलीट करूनही परत चढवता येत नाही.