‘तसा तो चांगला आहे’ : अनुभव लिहाल का?

मागच्या आठवड्यात आतेबहिणीच्या मुलीला भेटले. एफसी रोडवर कॉफी प्यायला बसलो होतो. वीस मिनिटांत तिचा फोन तीनदा वाजला. चौथ्यांदा वाजल्यावर ती उठून बाहेर गेली आणि परत आली ती टेबलाचा फोटो काढायलाच. दोन कप, माझी पर्स आणि बांगडी दिसेल असा माझा हात. "त्याला पाठवते. काळजी करतो गं मावशी. तसा तो खूप चांगला आहे."

मी काहीच बोलले नाही. पण तो ‘तसा’ घरी येईपर्यंत डोक्यात वाजत राहिला, कारण तो शब्द मीही अकरा वर्षं वापरलाय.

आम्ही तेव्हा पौड रोडला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. खाली पार्किंगमध्ये तो गाडीचा स्टँड कसा लावतो, त्यावरून मला पुढची संध्याकाळ कळायची. हळू लागला तर ठीक. खाडकन लागला की मुलाचा टीव्ही बंद, सोफ्यावरचे कपडे आत, कुकरखालचा गॅस बारीक, कारण तो दारात असताना शिट्टी व्हायला नको. पार्किंगपासून दारापर्यंत बत्तीस पायऱ्या होत्या. तेवढ्यात एवढं सगळं बसवायची मला सवय झाली होती. त्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही. भावाला सांगायला गेले तेव्हा लक्षात आलं, सांगण्यासारखं हातात काहीच नाही. ‘स्टँड जोरात लावतो’ ही काय तक्रार झाली?

म्हणून हा धागा. मोठे प्रसंग नकोत, ते सगळ्यांना ओळखू येतात. तुम्ही काय करायचं सोडून दिलंत ते लिहा, आणि ते आपण सोडलंय हे कधी कळलं, तेही. नावं, कंपन्या, सोसायट्या लिहू नका. आणि फोन कोणी तपासत असेल तर हे घरी वाचू नका. ऑफिसात किंवा मैत्रिणीच्या फोनवर वाचा.

हडपसर, ३४

माझा पगार त्याच्यापेक्षा अठरा हजारांनी जास्त आहे. हे आधी सांगते, कारण ‘बाई कमावती असली की असं होत नाही’ असं मीच मैत्रिणींना ऐकवायचे.

खातं जॉइंट. लग्नानंतर बँकेत त्याचा नंबर दिला, कारण ‘तुला ऑफिसात फोन घेता येत नाही’. म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. आईला कानाचं मशीन घ्यायचं होतं तेव्हा म्हणाला, "घे की. किती, कुठलं, कशाला तेवढं सांग, देतो." नाही म्हणालाच नाही. तो कधीच नाही म्हणत नाही. दर रविवारी चहानंतर लॅपटॉप उघडतो आणि आठवड्याचा खर्च एक्सेलमध्ये भरतो. मी समोर बसायचं. "हे दोनशे चाळीस कसले?" आवाज एकदम शांत. पार्लरला गेले असेन तर मी भाजी सांगायचे. मग पुढच्या रविवारी भाजी जास्त का झाली, ते निघायचं.

एक दिवस रिक्षाचे उरलेले तीस रुपये होते, त्यांची मगरपट्ट्याच्या बाहेर पाणीपुरी खाल्ली. चौथी पुरी तोंडात असताना लक्षात आलं की मी रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. माझ्या हाताखाली बावीस माणसं काम करतात.

सदाशिव पेठ, ६७

आमच्या ह्यांचं शस्त्र म्हणजे अबोला. सगळ्यात मोठा सत्तेचाळीस दिवसांचा. कारण, मी हळदीकुंकवाहून साडेआठला आले. आठला म्हणाले होते. मी कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणांशेजारी बारीक टिंब करायचे, म्हणून आकडा नक्की ठाऊक आहे.

अबोल्यात बोलणं मुलाच्या मार्फत. मी समोर वाढते आहे आणि हे सहा वर्षांच्या मुलाला सांगतायत, "आईला सांग, आमटीत मीठ जास्त झालंय." मुलगा माझ्याकडे बघून पुन्हा तेच म्हणायचा. मग मीच माफी मागायची. कशाची ते कळत नसलं तरी मागायची. त्यानंतर दोन दिवस घर सणासारखं. चितळ्यांची बाकरवडी यायची.

१९८२ साली मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या सासरी झालेल्या मृत्यूनं पुणं हादरलं होतं. पुढे ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन निघालं, ते बघायला मी जाऊबाईंबरोबर गेले होते. नारी समता मंच ही स्त्रियांची संघटनाही त्याच काळातली. पोस्टरं बघून रडले, आणि घरी येताना जाऊबाईंना म्हणाले, "आपण किती सुखी, नाही?" तेव्हा घरात अबोल्याचा नववा दिवस होता. हे मला परवा, हा धागा वाचताना आठवलं.

तो मुलगा आता चाळिशीचा आहे. सुनेशी भांडण झालं की तोही बोलायचा थांबतो. मी मध्ये पडत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? मागच्या महिन्यात पडले. म्हणाले, "बोल तिच्याशी, मला निरोप्या करू नकोस."

विमाननगर, २७, लग्न झालेलं नाही, एकत्र राहतो

त्याने मला कुणाला भेटू नको असं कधी सांगितलं नाही. मी भेटून आले की त्याचं डोकं दुखायचं, एवढंच. खोलीत अंधार करून पडायचा. मी बाम चोळत बसायचे. वर्षभरात माझा कॉलेजचा ग्रुप संपला, आणि त्याचं डोकंही दुखायचं थांबलं.

एका वाचकाचं म्हणणं

सगळा एकतर्फी कारभार चाललाय. घरात दोन भांडी असली की आवाज होणारच. बायकाही अबोला धरतात, बायकाही खर्च विचारतात. मग आम्हीपण अनुभव लिहायचे का?

(जरूर लिहा, पण वेगळा धागा काढा, तिथे मी येऊन वाचेन. पुरुषांना त्रास होत नाही असं इथे कुणी म्हटलेलं नाही. राहता राहिली भांडी. दोन्ही वाजत असतील तर माझं काहीच म्हणणं नाही. इथे एकच वाजतंय, आणि दुसरं आवाज होऊ नये म्हणून पोटात फडकं कोंबून बसलंय. भांडण झाल्यावर दोघांनाही पुढच्या वेळी तोंड उघडायला भीती वाटत नसेल, तर ते भांडण.)

पिंपळे सौदागर, ४१

माझ्या प्रत्येक मुलाखतीच्या आदल्या रात्री आमचं भांडण झालेलं आहे. प्रत्येक. हे योगायोगानं होत नाही, हे कळायला मला चार नोकऱ्या लागल्या.

विषय दर वेळी निराळा. एकदा त्याच्या आईला फोन केला नाही म्हणून. एकदा मोरी तुंबली म्हणून. एकदा तर मुलीच्या वहीला कव्हर घातलं नाही म्हणून. रात्री अकराला सुरुवात. मी म्हणायचे, उद्या बोलू, सकाळी लवकर उठायचंय. "म्हणजे तुला घरापेक्षा इंटरव्ह्यू मोठा." मग दोनपर्यंत. मी पांघरूण डोक्यावर घेतलं की दिवा लावायचा. सकाळी मात्र स्वतः चहा करून द्यायचा आणि दारात म्हणायचा, "डोळे सुजलेत तुझे. अशी जाणार आहेस? बघ बाबा."

पाचव्या वेळी मी मुलाखतीची तारीख दोन दिवस पुढची सांगितली. खरी तारीख मंगळवार होती. सोमवारी रात्री आम्ही आइस्क्रीम खाल्लं, तो गाणी गुणगुणत होता. बुधवारी रात्री अकराला तो म्हणाला, "ड्रायक्लीनचे कपडे कुणी आणायचे होते?" मी त्याच्याकडे बघत राहिले. नोकरीचं पत्र त्याच दुपारी आलं होतं.

जागा लिहीत नाही

झोपताना ‘नको’ म्हटलं तर तो जबरदस्ती करत नाही. पाठ फिरवतो. मग दुसऱ्या दिवशी मुलांवर चिडतो, बारीकसारीक गोष्टींवरून त्यांना रडवतो. मी मुलांसाठी ‘हो’ म्हणायला लागले. याला काय म्हणतात मला माहीत नाही. आज पहिल्यांदा लिहिलं.

(याला जबरदस्तीच म्हणतात. तुम्ही लिहिलंत, आम्ही वाचलं. वाटेल तेव्हा परत या.)

शिवाजीनगर, वकील

माझ्या टेबलासमोर बसलेली बाई पहिलं वाक्य हमखास हेच म्हणते, "मॅडम, तो मारत वगैरे नाही हं." म्हणून थोडं कायद्याचं.

घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसा चार तऱ्हांची सांगितली आहे : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. टिंगल, अपमान, मूल किंवा मुलगा नाही यावरून बोलणं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, हेही. वर हडपसरच्या बाईंनी लिहिलेली एक्सेल शीट कायद्यात नाही, पण आर्थिक साधनांपासून रोखणं आहे. विमाननगरच्या मुलीसाठी : लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारीलाही हा कायदा लागू होतो. अर्ज करायला घर सोडावं लागत नाही. सतराव्या कलमानुसार त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (याच कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे करता येतो. साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. कोर्टात बरेचदा त्याहून बराच वेळ जातो, हे आत्ताच सांगून ठेवते. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

कोर्टात लगेच जायचं नसेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, पुणे पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे अशा तक्रारींसाठीचा मदत कक्ष आहे. जिवाला धोका वाटला तर थेट ११२. आणि एक कळकळीचं : फोनमधलं लोकेशन चिडून एका झटक्यात बंद करू नका. समोरच्याला ते लगेच कळतं आणि त्या रात्री घरात तुम्ही एकट्या असता. आधी आधार, पॅन, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. मार खाल्लेल्यांची ही गत. स्टँडच्या आवाजाची तक्रार घेऊन कोण येणार?

वारजे, पुरुष, ४५

हात उचलला नाही याचा मला अभिमान होता. मी दारं आपटायचो. एकदा वरणाची वाटी भिंतीवर फेकली. तिच्यावर नाही, भिंतीवर, असं मीच नंतर तिला समजावून सांगितलं. डाग पिवळा पडून राहिला. दिवाळीला रंग काढला तरी तो वरून दिसायचाच, मग तिने तिथे कॅलेंडर लावलं. मुलीने एकदा पाहुण्यांना सांगितलं, "त्याच्यामागे बाबांचं वरण आहे." सगळे हसले. बायको हसली नाही, हे मला दिसलं. वर्षभर समुपदेशकाकडे जातोय. सुधारलो का ते मला विचारू नका, तिला विचारा.

(या प्रतिसादाला टाळ्या देऊ नयेत अशी विनंती आहे. शेवटचं वाक्य मात्र बरोबर आहे.)

कर्वेनगर, ५२ (मुलगी टाइप करतेय, आई सांगतेय)

मी पाच घरी पोळ्या करते. मालक दारू पीत नाही, मारत नाही. चाळीत सगळ्या म्हणतात, नशीबवान आहेस. महिन्याच्या एक तारखेला तो पाचही घरांच्या दारात उभा राहायचा. गोड बोलून, "वहिनी, हिचा पगार माझ्याकडं द्या, हिला हिशेब येत नाही." सगळ्या द्यायच्या. तेवीस वर्षं. मी रोज शंभर-सव्वाशे पोळ्या मोजून करते, एकही चुकत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका घरच्या आजी त्याला म्हणाल्या, "जिने लाटल्या तिच्याच हातात देणार." तो हसला, आणि चार दिवस जेवला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, ते घर सोड. मी सोडलं नाही. कसं नाही म्हणाले ते मला अजून आठवत नाही, पोळपाट धूत होते एवढं आठवतं.

त्या आजींनी पोस्टात खातं काढून दिलं. सही येत होती, चौथीपर्यंत शिकलेय. दर महिन्याला पाचशे टाकते, त्यांच्या घरचा पगार वाढला ते वरचे. बाकी चार घरचा तोच नेतो अजून. पासबुक त्यांच्याच स्वयंपाकघरात आहे, तूरडाळीच्या डब्याखाली. पोळ्या झाल्या की डबा उचलून बघते आणि परत ठेवते.