मंत्रालयात तुम्ही पहिल्यांदा कधी गेलात?

मंडळी, मादाम कामा रोडवरची ती सात मजली इमारत, १९५५ ची. नोकरी केली असेल, काम घेऊन गेला असाल, नुसती बसमधून बघितली असेल, आठवेल ते लिहा. सुरुवात मी करते. बाबा तिथे क्लार्क होते, १९७५ ला शंकरराव चव्हाणांनी मंत्रालय नाव दिलं तरी ते शेवटपर्यंत सचिवालयच म्हणायचे. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा मला घेऊन गेले. टेबलावर नस्त्यांची, म्हणजे फायलींची चळत, प्रत्येकीला पांढरी नाडी, आणि बाबा एका हाताने गाठ सोडून दुसऱ्या हाताने पान उलटायचे, मी तासभर तेच बघत बसले.

---

आम्ही परभणीचे. वडिलांसोबत देवगिरीने रात्रभर प्रवास करून सकाळी सीएसएमटीला उतरलो, पास दुपारी दोनला मिळणार म्हणून बाहेर फुटपाथवरच दशम्या खाल्ल्या. आत गेल्यावर एका कक्ष अधिकारी मॅडमनी "बसा काका" म्हणून आधी पाणी मागवलं आणि मग स्वतः उठून आवक नोंदवहीत आमच्या अर्जाचा नंबर शोधला. वडील अजून त्या पाण्याचं सांगतात, कामाचं नाही.

---

२१ जून २०१२. मी समोरच्या रस्त्यावर होतो. चौथ्या मजल्यावरून आग वर चढत गेली, खिडक्यांच्या बाहेर माणसं उभी होती आणि खाली आम्ही सगळे नुसते हात वर करून ओरडत होतो, उपयोग काय त्याचा, पण गप्प बसवेना. पाच जण गेले.

---

वरच्या अनुभवाला जोडून. आमचं कार्यासन, म्हणजे विभागातली आमची शाखा, त्या आगीत पूर्ण जळालं. पुढचे कित्येक महिने जिल्ह्यांकडून, दुसऱ्या विभागांकडून पत्रांच्या प्रती मागवून एकेक नस्ती पुन्हा उभी केली, कधी मधलंच पान मिळायचं आणि पहिलं नाही. ज्याचं प्रकरण त्याचा जीव त्यात अडकलेला असतो हो, म्हणून रात्री आठ-आठपर्यंत बसायचो आणि कुणी कुरकुर केली नाही.

---

मधल्या चौकात २०१८ पासून जाळी आहे, वरून कुणी उडी मारली तर म्हणून. रोज तिच्याखालून जातो, रोज वर बघतो.

---

ताई, तुमच्या बाबांच्या गाठीचं वाचून ड्रॉवर उघडला. आता ई-ऑफिस आलंय, पण नाड्यांचं एक बंडल मी ठेवलंय अजून. एका हाताने गाठ मलाही सोडता येते.