आठवी ब, मागचे दोन बाक आणि शेकडेवारी. काय करावं?

गणित_मॅडम (वाळवा तालुका)

नमस्कार. मी हायस्कूलला गणित शिकवते, आठवीच्या वर्गात 52 पोरं आहेत आणि सध्या शेकडेवारी चालू आहे. मी फळ्याकडं वळले की मागनं बाकडं वाजतं, पेनाची टोपणं उडतात, एखादी शिट्टी येते. एक म्होरक्या आहे, त्याला उत्तर विचारलं की तो काहीतरी भलतंच बोलतो आणि सगळा वर्ग हसतो, मग तास गेलाच. पण मला जास्त लागतं ते खिडकीजवळच्या दोन पोरांचं, ती दंगा अजिबात करत नाहीत, वहीच उघडत नाहीत, बाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत बसतात. पालकांना बोलवलं तर "मॅडम, द्या दोन ठेवून" म्हणतात. मारणं मला पटत नाही, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारायलाच काय, मुलाला मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास असतो माझा. कुणी हे निभावलंय का?

तासगावचे_गुरुजी (निवृत्त)

मॅडम, त्या म्होरक्याला शाळा सुटल्यावर एकट्याला थांबवा, रागावायला नाही, चौथीचं पुस्तक समोर ठेवून एक शाब्दिक उदाहरण मोठ्यानं वाचायला सांगा आणि एक हातच्याचा भागाकार द्या. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा पोरगं तिथंच अडकतं. त्याला वाचता येत नाही हे वर्गाला कळू नये म्हणून तो हसवतो, कारण "वात्रट" म्हणवून घेणं त्याला चालतं, "ढ" म्हणवून घेणं चालत नाही. म्हणून त्याला सगळ्यांपुढं फळ्यावर बोलवू नका. उत्तर वहीत लिहायला लावा आणि तुम्ही बाकाजवळ जाऊन बघा. ज्याला पाऊण म्हणजे किती ते कळत नाही त्याला 75 टक्के कसं कळणार, त्यामुळं पहिली पाच मिनिटं त्याला जमेल असंच अर्धा-पाव-पाऊण घ्या. आणि फळा तास सुरू व्हायच्या आधी भरून ठेवा, पाठ फिरवायची वेळच कमी येते.

कराडकर_सर

गुरुजींशी सहमत. त्या खिडकीतल्या दोघांसाठी सांगतो, ट्रॉल्या बघतात ना, मग ट्रॉलीच वर्गात आणा. मी काट्याची पावती फळ्यावर काढतो: भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. मग एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला किमान दर. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला 3550 रुपये, आणि उतारा वर गेला की दर 0.1 टक्क्याला टनामागं 34 रुपये 60 पैसे जादा. आता विचारायचं, उतारा 11.25 असेल तर? दहा टप्पे, 346 रुपये वाढ, म्हणजे 3896. यातनं तोडणी-वाहतूक वजा जाते हे पोरंच सांगतात, तुम्हाला सांगावं लागत नाही. माझ्या वर्गात एक पोरगं वर्षभर गप्प बसलेलं, त्यानं पुस्तकातलं एक उदाहरण सोडवलं नव्हतं, ते उठून म्हणालं, "सर, उतारा आदल्या हंगामाचा धरत्यात का चालू?" कारखान्यांचा आणि शेतकरी संघटनांचा वाद ज्यावर चालतो तोच हा प्रश्न. त्या दिवसापासनं त्याची वही उघडी असते.

जत_पूर्व

सर, पद्धत चांगली आहे पण खऱ्या घरची पावती कधीच आणायला लावू नका. वर्गात बागायतदाराचं पोर असतं तसं टोळीबरोबर आलेल्या ऊसतोड मजुराचंही असतं, एकाचा आकडा लाखात आणि दुसऱ्याच्या घरची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अजून फिटलेली नसते. आकडे आपण बनवायचे. आणि तोडणीची मजुरीही टनावरच ठरते, ते गणितही घ्या, म्हणजे त्या पोरालाही वाटेल की आपल्या आईबापाचं काम फळ्यावर लिहिण्यासारखं आहे.

विटा_पालक

मी शिक्षक नाही, गलाईवाला (सोनं-चांदी गाळणारा) आहे, आयुष्य बाहेरच्या राज्यात गेलं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातल्या पोरांना आधीच ठाऊक असतं की दहावी झाली की मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात जायचंय, त्यामुळं शाळेत मन लागत नाही. माझ्या पोराच्या सरांनी त्याला विचारलं, 22 कॅरेट म्हणजे किती टक्के सोनं? 24 भागांतले 22, म्हणजे 91.67, म्हणून हॉलमार्कवर 916 असतं. पोरगं घरी येऊन मला विचारायला लागलं की 18 कॅरेटवर 750 का. मॅडम, पालकांना तक्रार सांगायला बोलवू नका, धंद्यातलं एखादं गणित विचारायला बोलवा. आम्ही नक्की येतो.

गणित_मॅडम (वाळवा तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार, उद्याच फळा आधी भरून ठेवते. एकच शंका, म्होरक्याला एकट्याला थांबवलं तर बाकीची चिडवतील ना?

तासगावचे_गुरुजी (निवृत्त)

चिडवतील, म्हणून एकट्याला नको, काम म्हणून थांबवा. वह्या उचलून स्टाफरूमला आणून दे म्हणायचं. वाटेत आणि टेबलाजवळ दहा मिनिटं मिळतात तेवढी पुरेत. पहिल्या दिवशी पुस्तक काढूच नका, नुसतं बोला. आणि शक्य झालं तर त्या दोघा गप्प पोरांतलं एक सोबतीला घ्या.

कराडकर_सर

मॅडम, पावतीचा नमुना करून ठेवलाय, शनिवारी इथंच टाकतो. जतच्या सरांचं पटलं, त्यात तोडणी मजुरीचा रकानाही घालतो.