क्लोन केलेल्या व्हीएम एकच आयपी घेतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या आमच्या कॉलेजात लॅबचे 12 पीसी एचटीकॉन्डोरनं (अनेक पीसींवर जॉब वाटून चालवणारं सॉफ्टवेअर) जोडलेत. प्रत्येकावर केव्हीएम (लिनक्समधली आभासी मशीन चालवायची सोय), त्यात उबुंटूची एक व्हीएम म्हणजे आभासी मशीन, सगळ्या एकाच इमेजवरून काढलेल्या. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे) वेगळे दिले, तरी दोन-तीन व्हीएम एकच आयपी धरून बसतात. मशीन-आयडी फाइल (मशीनची ओळख ठेवणारी, क्लोनमध्ये तीच उतरते) रिकामी करून पुन्हा क्लोन केल्यानं भागेल, की क्लाउड-इनिटच (पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक व्हीएमची वेगळी मांडणी करणारं साधन) लावू?

दुसरं दुखणं लाइनचं. ती केव्हा जाईल नेम नाही, अन् यूपीएस 10 मिनिटंच टिकतो (बॅटऱ्या माझ्याएवढ्याच थकल्यात). पोरांचे रात्रभराचे जॉब पुन्हा पहिल्यापासून! लिबव्हर्ट-गेस्ट्समध्ये (व्हीएम सांभाळणारी सेवा) पीसी बंद होताना व्हीएम सस्पेंड करायची, म्हणजे आहे त्या स्थितीत जपून ठेवायची सोय आहे. पण लाइन तासाभरानं आली तर? कॉन्डोरचं जॉब लीज (संपर्क तुटल्यावर जॉब धरून ठेवायची मुदत) मुळात 40 मिनिटांचं. ते वाढवून कोणी चालवलंय का?