पीकसल्ल्याच्या चॅटबॉटकडून फवारणीचा डोस चुकू नये यासाठी मदत हवी आहे

मंडळी, शेतकरी गटासाठी मराठी चॅटबॉट तयार होतोय. शिफारशींच्या पीडीएफमधून उतारे शोधून मॉडेलला (मजकूर लिहिणाऱ्या एआयला) देतो, त्यावरून ते उत्तर लिहिते. आकडे चुकतात म्हणून अजून कोणाच्याही हाती दिलेला नाही.

उदाहरण: तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (५ टक्के तीव्रतेचे, पाण्यात विरघळणारे दाणेदार कीटकनाशक), १० लिटर पाण्याला ४.४ ग्रॅम. स्कॅन केलेल्या पानातून मजकूर काढताना टिंब गळते आणि ४४ होतात. थेट दहापट! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. इथे एकही चूक चालणार नाही.

टेंपरेचर (मॉडेल शब्द निवडताना किती फेरबदल करते ते ठरवणारी सेटिंग) शून्य करून पाहिले, फरक नाही. चूक उताऱ्यातच आहे. ‘खात्री नसेल तर सांगू नकोस’ ही सूचनाही फुकट, कारण मॉडेलला ४४ खरेच वाटतात. म्हणून आता डोस मॉडेलने लिहायचाच नाही, तक्त्यातून जसाच्या तसा उचलायचा. तक्ता दोघांनी वेगवेगळा टाइप केलाय, न जुळलेल्या नोंदी कृषी पदवीधर मूळ पानावरून तपासतात.

अडले आहे ते पुढे. प्रश्न व्हॉट्सॲपवर आवाजात येणार, त्यात औषधाचे नाव असेल, तीव्रता नसेल. इमामेक्टिन १.९ ईसीमध्येही (१.९ टक्के, द्रवरूप) मिळते, त्याचा डोस वेगळा. लेबलचा फोटो मागवावा, तर अक्षरे बारीक, डबा चुरगळलेला, मोबाइल साधा.

तीव्रता पक्की कळेपर्यंत डोस रोखून धरायचा, पण शेतकरी कंटाळून अंदाजाने फवारणार नाही, असा प्रश्नांचा क्रम कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का?